आयते प्यादे, सवयीची चाल

१९२८ साली बाड किसिंगनच्या स्पर्धेत माक्स यूवेविरुद्ध खेळताना अकिबा रुबिनस्टाइनने बाराव्या चालीला एफ-प्यादे दोन घरे पुढे सरकवले. ई४ वरच्या आपल्या घोड्याला आधार देणारी चाल. कुणीही शिक्षक मान डोलावून पसंत करील अशी. यूवेने लगेच घोड्याने डी५ वरचे प्यादे मारले. तो घोडा परत मारावा, तर एफ४ वरचा पांढरा उंट सी७ वर येऊन बसतो. काळ्या वजिराच्या चारी बाजूंना त्याचीच मोहरी आणि एकुलत्या एका वाटेवर हा उंट, त्यामुळे वजिराला हलायला घरच उरत नाही. रुबिनस्टाइनचे प्यादे गेले, पुढे डावही गेला. दोन वर्षांनी सान रेमोला अलेखाइनविरुद्ध त्याने तसाच पट मांडला आणि तीच चाल करून तोच मार पुन्हा खाल्ला. आज या सापळ्याला त्याचेच नाव आहे.

रुबिनस्टाइन काही नवशिका नव्हता. १९१२ साली त्याने एकामागून एक मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. हत्ती आणि प्यादी एवढीच उरलेल्या डावांत त्याचा हात धरणारा त्या काळात कुणी नव्हता, आणि वजिराच्या प्याद्याने होणाऱ्या सुरुवाती तर त्याच्या घरच्या. मग असा माणूस एकाच खड्ड्यात दोनदा का पडावा? ओपनिंगमधल्या सापळ्यांबद्दल नेहमी एकच उपदेश ऐकू येतो: हाव धरू नका, फुकटचे प्यादे खाऊ नका. पण रुबिनस्टाइनने काहीच खाल्ले नव्हते. त्याने नेहमीची, निकोप दिसणारी चाल केली होती. म्हणून सापळ्यांचा प्रश्न नीट पाहायचा तर हावेइतकेच सवयीकडेही बघावे लागते. आणि सापळा लावणाऱ्याकडे एक हिशेब मागावा लागतो: समोरचा फसला नाही, तर तुझ्या पटावर काय उरले?

हा धंदा जुना आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतला जोआकिनो ग्रेको युरोपभर फिरून श्रीमंत आश्रयदात्यांना हस्तलिखिते करून देत असे. त्यांतले डाव छोटे आणि चमकदार. कुणाचा वजीर पाचव्या-सहाव्या चालीला कोंडतो, कुणाचा राजा उघड्यावर ओढला जातो. हे डाव खरोखर खेळलेले नसून रचलेले असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि वाचताना ते जाणवतेही. ग्रेकोच्या पानांवरचा हरणारा खेळाडू फारच सोयीचा आहे. जिथे चुकायला हवे तिथे तो बरोबर चुकतो. सापळ्यांच्या पुस्तकांना जडलेली ही खोड चारशे वर्षांत सुटलेली नाही.

पुढच्या शतकातला एक सापळा मात्र जवळून पाहण्यासारखा आहे, कारण त्याची गंमत आणि त्याची खोट दोन्ही एकाच डावात दिसतात. पॅरिसच्या काफे द ला रेजांसमध्ये लेगाल नावाचा खेळाडू बसत असे. फिलिडोरचा तो गुरू. १७५० च्या आसपास सेंट ब्री नावाच्या गृहस्थाविरुद्ध त्याने खेळलेला डाव असा सांगतात: १.ई४ ई५ २.घोडा एफ३ डी६ ३.उंट सी४ उंट जी४ ४.घोडा सी३ जी६. काळ्याच्या उंटाने एफ३ वरचा घोडा जखडला आहे, कारण तो हलला तर मागचा वजीर जातो. लेगालने तो घोडा तरीही उचलला आणि ई५ वरचे प्यादे मारले. सेंट ब्रीने वजीर खाल्ला. मग पांढऱ्या उंटाने एफ७ वर शह, राजा ई७ वर, आणि दुसरा घोडा डी५ वर येताच मात. एक उंट आणि दोन घोडे यांनी मिळून राजाभोवतीचे एकूण एक घर अडवलेले असते, आणि खाल्लेला वजीर हातात घेऊन काळा बघत बसतो.

आता खोट. या डावाच्या काही पाठांत काळ्याचा घोडा आधीच सी६ वर आलेला दाखवतात. तसे असेल तर लेगालची चाल साफ चुकीची ठरते. काळ्याने वजिराच्या नादी न लागता सी६ च्या घोड्याने ई५ वरचा घोडा मारला की जी४ चा उंटही आधाराला येतो आणि पांढऱ्याचे एक मोहरे गेलेले असते. म्हणजे सापळा तोच, चालही तीच, पण शेजारचा एक घोडा कुठे आहे यावर तिचे शहाणपण ठरते. मधे एच३ खेळून काळ्या उंटाला एच५ वर जायला लावले की मग घोडा सी६ वर असला तरी हरकत नाही. ई५ वर मारामारी झाली की पांढरा वजीर एच५ चा उंट घेतो, काळ्याचा घोडा सी४ चा उंट मारतो आणि बी५ वरून शह देऊन वजीर तो घोडाही परत मिळवतो. एक प्यादे वरकड. समोरचा फसला तर मात, नाही फसला तरी प्यादे पदरात. सापळा लावायचाच तर असा.

एफ७ हे घर या सगळ्या कथांचे माहेर आहे. खेळ सुरू होतो तेव्हा त्या प्याद्याला राजाखेरीज कुणाचा आधार नसतो. शाळेतल्या पहिल्या स्पर्धेत ज्याने-त्याने कधी ना कधी लावलेली चार चालींची मात याच घरावर होते: उंट सी४ वर, वजीर एच५ वर, आणि समोरचा घोडा एफ६ वर आला की वजिराने एफ७. लहान मुलांच्या कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीची पहिली पाच मिनिटे फेरफटका मारा, दोन-तीन पटांवर पांढरा वजीर दुसऱ्याच चालीला एच५ वर उभा दिसेल. मुलाने एकदा तशी मात दिली की ती चाल सोडवणे कठीण होते, कारण ती आणखी चार-सहा महिने चालते. मग एक दिवस समोरची मुलगी जी६ खेळते, वजीर एफ३ वर सरकून पुन्हा एफ७ कडे बघतो, ती घोडा एफ६ वर आणून ते बंद करते, आणि त्यानंतर पांढऱ्या वजिराला जिकडेतिकडे हाकलत काळ्याची मोहरी एकेक करून बाहेर येतात. हरलेल्या मुलाला वाटते आपण कुठेतरी पुढे चुकलो. चूक दुसऱ्या चालीला झालेली असते.

हीच गोष्ट मोठ्यांच्या पातळीवर जास्त साळसूद वेशात येते. इंग्लंडच्या जोसेफ हेन्री ब्लॅकबर्नच्या नावाने एक गॅम्बिट ओळखले जाते. कॉफीहाउसमधल्या गिऱ्हाइकांकडून तो त्यावर एकेक शिलिंग जिंकायचा म्हणे. त्याने तसा खेळलेला एकही डाव नोंदलेला सापडत नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच. इटालियन सुरुवातीत पांढऱ्याचा उंट सी४ वर आला की काळा तिसऱ्याच चालीला घोडा डी४ वर उडवतो आणि ई५ चे प्यादे उघडे टाकतो. पांढऱ्याच्या घोड्याने ते खाल्ले की काळा वजीर जी५ वर. आता घोडा एफ७ वर मारून वजीर आणि हत्ती दोघांवर रोख धरण्याचा मोह अनावर होतो. तसे केले की काळा वजीर जी२ चे प्यादे घेतो, हत्ती एफ१ वर सरकतो, वजीर ई४ वर शह देतो, उंट मधे येतो आणि काळा घोडा एफ३ वर मात देतो. ई२ चा उंट जखडलेला, राजाला घर नाही. फार सुंदर. पण चौथ्या चालीला पांढऱ्याने निवांतपणे डी४ चा घोडा मारला आणि कॅसलिंग करून घेतले, तर काळ्याने तीनपैकी दोन चाली ज्या घोड्यावर खर्च केल्या तो गेलेला, आणि मोहरी मात्र सगळी घरात. शिलिंग मिळाला नाही, वर वेळही गेला.

गेल्या काही वर्षांत इंटरनेटवरच्या तीन-तीन मिनिटांच्या डावांमुळे या जातीच्या सापळ्यांना पुन्हा भरभराट आली आहे. स्टॅफर्ड गॅम्बिट घ्या. अमेरिकन इंटरनॅशनल मास्टर एरिक रोझेनने वजीर गेल्याचे खोटे दुःख करत ते लाखो लोकांना दाखवले. पेट्रॉफ बचावात काळा एक प्यादे सोडून देतो, घोड्यांची अदलाबदल होते, आणि मग पांढऱ्याने डी३ खेळून उंट जी५ वर आणला की काळा वजिराची पर्वा न करता ई४ वर मारतो. वजीर खाल्ला की उंट एफ२ वर शह, राजा ई२ वर, दुसरा उंट जी४ वर, मात. लेगालची तीच कल्पना, आरशात पाहिल्यासारखी. एंग्लंड गॅम्बिटचेही तसेच. डी४ ला काळा पहिल्याच चालीला ई५ ने उत्तर देतो, पुढे वजीर बी२ चे प्यादे खाऊन हत्तीवर रोख धरतो आणि पांढऱ्याने उंट सी३ वर आणून वजिराला कोंडले असे समजावे, तोच काळा उंट बी४ वर येतो आणि काही चालींत वजीर सी१ वर मात देतो. पांढऱ्याने तिथे उंटाऐवजी घोडा सी३ वर आणला असता तर काळ्याची स्थिती जवळजवळ हरलेली आहे. स्टॅफर्डमध्ये पांढऱ्याने उंट ई२ वर आणि प्यादे सी३ वर ठेवून डी४ ची तयारी केली की तिथेही काळ्याच्या हाती एक गमावलेले प्यादे आणि थोडी आशा उरते.

तीन मिनिटांच्या डावात हा हिशेब वेगळा असतो हे मान्य. समोरच्याकडे विचाराला वेळ नाही, आणि दहा वेळा खेळून सहा वेळा तो फसत असेल तर खेळणारा फायद्यातच आहे. माझी तक्रार दुसरी आहे. असे सापळे लावण्यात ज्याचे रेटिंग वाढते त्याला दहाव्या चालीनंतर काय करायचे ते कळेनासे होते. डाव दहाव्या चालीपुढे जातच नसतो किंवा गेला तर तो आधीच एक प्यादे मागे असतो. सापळ्याने जिंकलेला डाव काही शिकवत नाही, आणि फसलेल्या सापळ्यानंतरचा डाव खेळायला कुणी बसत नाही.

उलट टोकाला काही सापळे असे आहेत की लावणाऱ्याला त्यासाठी एक पैसा मोजावा लागत नाही. वजीर गॅम्बिटच्या नकारात काळा आपला घोडा डी७ वर आणतो. पाठ्यपुस्तकातली, हजारो डावांत आलेली चाल. पांढऱ्याचा उंट जी५ वर, एफ६ चा काळा घोडा वजिरापुढे जखडलेला. पांढऱ्याला वाटते, डी५ चे प्यादे आता बिनआधाराचे झाले, घोड्याने खाऊन टाकू. काळा जखडलेल्या घोड्यानेच तो घोडा मारतो. पांढरा उंट वजीर खातो, पण काळा उंट बी४ वर शह देतो आणि पांढऱ्याला आपला वजीर मधे घालण्यावाचून इलाज उरत नाही. सगळी देवाणघेवाण झाल्यावर पांढऱ्याचे एक मोहरे कमी. याला हत्तीचा सापळा म्हणतात. १८४८ साली बर्लिनमध्ये कार्ल मायेत डॅनियल हारविट्झविरुद्ध यात सापडला, आणि आजही शाळकरी मुलांपासून क्लबच्या खेळाडूंपर्यंत लोक त्यात सापडत असतात. काळ्याने काय गमावले? काहीही नाही. पांढऱ्याने प्यादे खाल्ले नाही तर काळा तितक्याच चांगल्या स्थितीत पुढे खेळतो.

या दोन टोकांच्या मधे एक सापळा आहे, ज्याच्यासाठी मी थोडा पक्षपात करतो. आल्बिन काउंटर गॅम्बिटमधला, एमानुएल लास्करच्या नावाचा. काळा एक प्यादे देऊन डी४ वर आपले प्यादे रोवतो. पांढऱ्याने घाईने ई३ खेळले, काळ्याने बी४ वरून शह दिला, पांढऱ्याने उंट डी२ वर घातला, काळ्याच्या प्याद्याने ई३ वर मारले. इथे पांढऱ्याने बी४ चा उंट खाल्ला की प्यादे एफ२ वर शह देत येते. राजाने ते मारावे तर वजीर जातो. राजा ई२ वर जातो, आणि प्यादे जी१ वरचा घोडा मारून शेवटच्या ओळीत पोचते. आता वजीर मागायचा? मागितला तर पांढरा आधी वजिराची अदलाबदल शहासह करतो आणि मग नवा वजीर हत्तीने मारतो, हिशेब फिटतो. काळा घोडा मागतो. तो घोडा शह देतो, म्हणून पांढऱ्याला श्वास घ्यायला चाल मिळत नाही. हत्तीने घोडा मारला तर उंट जी४ वर येऊन पांढरा वजीर घेऊन जातो. सातव्या चालीला प्याद्याचा घोडा करणे ही गोष्ट कितीदा पाहिली तरी हसू येते. पण हिशेब विचाराल तर आल्बिन हे फार पक्के बांधकाम नाही. पांढऱ्याने चौथ्या चालीला ई३ ऐवजी घोडा एफ३ वर आणला की सापळा राहत नाही आणि दिलेले प्यादे परत मिळवायची चिंता काळ्याला लागते.

आतापर्यंतच्या बहुतेक सापळ्यांत बळी पडणाऱ्याने काहीतरी खाल्ले होते. आता दुसरी बाजू. कारो-कान बचावात १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.घोडा सी३, प्यादे ई४ वर मारते, घोडा परत मारतो, काळा घोडा डी७ वर आणतो. पांढरा वजीर ई२ वर ठेवतो. थोडी विचित्र चाल आहे, कारण वजीर स्वतःच्याच उंटाची वाट अडवतो. काळा दुसरा घोडा एफ६ वर आणतो, जसा तो गेल्या शंभर डावांत आणला असेल. पांढरा घोडा डी६ वर, मात. ई७ चे प्यादे वजिरामुळे जखडलेले, राजाच्या आजूबाजूची सगळी घरे स्वतःच्याच मोहऱ्यांनी भरलेली. १९३५ साली मायोर्काला अलेखाइनने चार हौशी खेळाडूंच्या एकत्र सल्ल्याविरुद्ध हे केले. चार डोकी, आणि एकालाही दिसले नाही. १९५० साली पॉल केरेसने पोलंडमधल्या स्पर्धेत आर्लामोव्स्कीविरुद्ध तेच केले. इथे हाव कुठेच नाही. फक्त घोडा एफ६ वर येतो ही सवय आहे, आणि विचित्र दिसणारी चाल पाहून ‘का?’ असे न विचारणे आहे.

विश्वनाथन आनंदचा १९८८ मधला बीलचा डाव याच जातीचा. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. कोलंबियाच्या आलोन्सो झापाटाविरुद्ध पेट्रॉफ बचावात पाचव्या चालीला त्याने उंट एफ५ वर आणला, ई४ च्या घोड्याला आधार म्हणून. झापाटाने वजीर ई२ वर ठेवला आणि आनंदने डाव सोडला. घोडा जखडला आहे. डी५ ने आधार द्यावा तर डी३ येते. वजीर ई७ वर घालावा तर पांढरा घोडा डी५ वर येऊन वजिरावर आणि सी७ वर एकदम रोख धरतो. आनंदने ती चाल हवेतून काढली नव्हती. वर्षभरापूर्वी मायल्स आणि क्रिस्टियनसन या दोन ग्रँडमास्टरांच्या डावात तीच चाल आली होती, पांढऱ्याने तिला शिक्षा केली नव्हती आणि डाव बरोबरीत सुटला होता. तो छापून आला, आणि छापलेल्यावर विश्वास बसला. पुढे पाच वेळा जगज्जेता झालेल्या माणसाचा हा डाव सहा चालींचा आहे.

छापलेले न वाचल्याचाही तोटा होतो. १९५८–५९ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत पंधरा वर्षांच्या बॉबी फिशरसमोर सॅम्युएल रेशेव्स्की बसला होता, सिसिलियनचा ड्रॅगन खेळत. आठव्या चालीला त्याने घोडा ए५ वर नेला, पांढऱ्याच्या बी३ च्या उंटाला हटवायला. ही तर अगदी तर्कशुद्ध वाटणारी चाल. फिशरने ई५ ढकलले, रेशेव्स्कीने घोडा ई८ वर मागे घेतला, आणि फिशरचा उंट एफ७ वर आदळला. राजाने मारला, पांढरा घोडा ई६ वर. त्याला राजाने मारावे तर राजा मैदानात ओढला जाऊन मरतो, न मारावे तर वजीर कोंडलेला. रेशेव्स्कीने वजीर सोडला, पुढे बेचाळिसाव्या चालीला डावही. हा सगळा मारा एका सोव्हिएत डावात आधीच येऊन गेला होता आणि रशियन नियतकालिकात छापला गेला होता. फिशर रशियन मासिके वाचत असे.

वर आलेले डाव वेगवेगळ्या सुरुवातींतले वाटतात, पण त्यांच्या पोटातली यंत्रणा मोजकीच आहे. कारो-कानमधली मात आणि आनंदचा डाव यांत एकच गोष्ट घडते: कॅसलिंग झालेले नाही, मधली रेषा उघडी किंवा अर्धी उघडी आहे आणि तिच्यात समोरचा वजीर येऊन उभा राहिला आहे. बुडापेस्ट गॅम्बिटमध्ये पांढरा हावेने बी४ चा उंट खातो आणि काळा घोडा डी३ वर मात देतो. तिथे ई७ चा वजीर पांढऱ्याच्या ई२ च्या प्याद्याला जखडून धरतो, म्हणजे तीच रेषा उलट्या बाजूने. लेगाल, हत्तीचा सापळा आणि स्टॅफर्ड यांत जखडलेला घोडा जखडलेला नसतोच. वजिराच्या आधी राजा येतो हे लक्षात ठेवले तर तिन्ही कळतात. तिसरी जात कोंडण्याची. रुबिनस्टाइनचा आणि रेशेव्स्कीचा वजीर असा कोंडला. रुय लोपेझमध्ये काळ्याची ए, बी आणि सी ही तीन प्यादी ज्या बी३ च्या उंटाला गिळतात तो नोहाच्या नावेचा सापळाही यातलाच. १९२९ साली बुडापेस्टला एंड्रे स्टाइनर कापाब्लांकाविरुद्ध त्यात सापडला, आणि सापडला तो डी४ चे प्यादे वजिराने परत मारल्यामुळे. मारले की परत मारायचे, एवढाच त्याचा अपराध.

म्हणून शंभर सापळे पाठ करण्यापेक्षा पटावर तीन-चार जागी थांबायला शिकणे जास्त कामाचे. वजीर ई२ किंवा ई७ वर, आपल्याच उंटापुढे, आला की थांबावे. ज्या मोहऱ्याला जखडले आहे असे आपण धरून चाललो ते खरोखर राजापुढे जखडले आहे की वजिरापुढे, हे पाहावे. आपल्या वजिराला किंवा बाहेर गेलेल्या उंटाला परतीची किती घरे आहेत ते मोजावे. आणि मारले की परत मारायची चाल हातातून सुटण्याआधी एकदा पट पाहावा. बहुतेक लोक खाण्याआधी थोडे तरी थबकतात, परत मारताना कुणीच थबकत नाही. फसायचे टाळले एवढ्यावर समाधान मानणे हाही एक दोष आहे. कुणी वाईट सापळा लावला आणि आपण तो ओळखला तर त्याने दिलेल्या चाली, प्यादी, वेळ यांचा फायदा घ्यायला हवा. पुष्कळ खेळाडू सापळा ओळखतात आणि मग घाबरून इतके सावध खेळतात की समोरच्याची वाईट सुरुवात त्याला माफ होते.

ओपनिंगचे ज्ञान जवळजवळ नसतानाही हे जमू शकते याचा एक दाखला आपल्याकडचा आहे. पंजाबचा मीर सुलतान खान लहानपणी देशी नियमांनी खेळत मोठा झाला. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते आणि दोन्ही फौजा एकमेकींना भिडेपर्यंत बराच वेळ जातो, त्यामुळे चार चालींत डाव संपवण्याची संस्कृतीच त्यात रुजत नाही. इंग्लंडमध्ये तो युरोपीय ओपनिंगच्या बाबतीत कच्चा होता आणि तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवले. त्याने बंद, संथ मांडण्या निवडल्या, जिथे सापळे कमी असतात, आणि ओपनिंगमधून जरा वाईट स्थितीत बाहेर पडणे त्याला चालत असे. सामान्य खेळाडूला ही वाट सहसा कुणी सुचवत नाही, पण ज्याला पाठांतराचा कंटाळा आहे त्याच्यासाठी ती आजही खुली आहे.

वरच्या पातळीवर सापळ्याचे रूप आता बदलले आहे. १९१८ साली न्यूयॉर्कला फ्रँक मार्शलने कापाब्लांकाविरुद्ध रुय लोपेझमध्ये एक प्यादे देऊन नवा हल्ला काढला. वर्षानुवर्षे तो त्याच्यासाठी राखून ठेवला होता ही कथा फार चालते, पुरावा मात्र फारसा नाही. कापाब्लांकाने पटावर बसून बचाव शोधला आणि डाव जिंकला. सापळा म्हणून ती चाल त्या दिवशी मेली, पण ओपनिंग म्हणून आजही जिवंत आहे आणि अव्वल खेळाडू ती टाळायला वेगळ्या चाली शोधतात. माझ्या मते ओपनिंगमधल्या कल्पनेची याहून चांगली परीक्षा नाही. ११ मे १९९७ रोजी डीप ब्लूविरुद्धच्या सहाव्या डावात कास्पारोव्हने कारो-कानमध्ये सातव्या चालीला एच६ खेळले. यंत्राने घोडा ई६ वर झोकला आणि एकोणिसाव्या चालीला डाव संपला. तो बळी माणसांना आधीपासून माहीत होता. यंत्राने तो मोजून काढला नव्हता, तो त्याच्या ओपनिंग पुस्तकात भरलेला होता. यंत्र एवढ्या दूरचा फायदा मोजून मोहरे देणार नाही असा कास्पारोव्हचा अंदाज होता असे मानतात. आता तर इंजिने प्रत्येकाच्या घरी आहेत आणि ग्रँडमास्टरची तयारी म्हणजे समोरचा इंजिनाने नापसंत केलेल्या पण नैसर्गिक वाटणाऱ्या चालीकडे कसा वळेल हे शोधणे. रुबिनस्टाइनला जे नकळत झाले ते आता मुद्दाम रचले जाते, विसाव्या-पंचविसाव्या चालीला.

या सगळ्या पाठांतराला कंटाळून फिशरने १९९६ साली ब्वेनोस आयरेसला मागच्या ओळीची मांडणी चिठ्ठीने ठरवणारा बुद्धिबळाचा प्रकार जाहीर केला. ९६० मांडण्या, त्यामुळे पाठ केलेल्या ओपनिंगचा उपयोग नाही. सापळे तिथूनही हद्दपार झाले असे मात्र नाही. काही मांडण्यांत एखादे प्यादे सुरुवातीलाच बिनआधाराचे असते. कोपऱ्यातल्या उंटापुढचे तिरप्या रेषेतले प्यादे सरकवले की पहिल्याच चालीला समोरच्या त्या प्याद्यावर रोख येतो. घोडा कुठे नेहमी जातो, उंट कुठे नेहमी बसतो याचा काही आधार नसतो, म्हणून या स्पर्धांत जगातले सर्वोत्तम खेळाडू पहिल्या-दुसऱ्या चालीलाच घड्याळाकडे दुर्लक्ष करून पटाकडे बघत बसलेले दिसतात.